जुना डॉट मॅट्रिक्स, नवा कॉम्प्युटर: वजनकाट्याची पावती छापायची कशी?

काटेवाला_निपाणी
२१ सप्टेंबर, सकाळी १०.१५

मंडळी, उसाचा हंगाम तोंडावर आलाय आणि काट्यावरची पावती बंद पडलीय. जाणकारांनी जरा हात द्यावा.

मामांचा निपाणी-संकेश्वर पट्ट्यात हायवेलगत वजनकाटा आहे. केबिनमध्ये एक्सपीवर चालणारा कॉम्प्युटर होता. त्याच्या मागच्या लांबट २५ पिनी पोर्टाला टीव्हीएसचा ८० कॉलमी डॉट मॅट्रिक्स आणि ९ पिनी पोर्टाला काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा, जोडलेला. पावसाळ्यात मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. आता नवीन छोटा डबा आणलाय, विंडोज ११ आहे, मागे नुसते यूएसबी.

दुकानदारानं यूएसबी-पॅरलल केबल दिली. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला तो ३६ पिनांचा रुंद कनेक्टर, दोन्हीकडून तारेच्या कड्या अडकतात तो. लावल्यावर विंडोजनं प्रिंटर ओळखला, टेस्ट पेज आलं, नोटपॅडमधून छापतो. पण काट्याचा प्रोग्रॅम डॉसमधल्या फॉक्सप्रोचा आहे. तो विंडोज ११ वर थेट उघडत नाही, म्हणून भाच्यानं डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत जुना डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवून दिला. स्क्रीन येते, गाडी नंबर टाकता येतो, पण वजन येत नाही आणि पावती दिली की 'प्रिंटर नॉट रेडी'.

पावती तीन प्रतींची लागते. पांढरी ट्रॅक्टरवाल्याला, गुलाबी शेतकऱ्याला, पिवळी आमच्याकडे. त्यामुळे प्रिंटर हाच ठेवायचाय.

खडेबाजार
२१ सप्टेंबर, सकाळी १०.४०

भावा, प्रोग्रॅम लिहिला कुणी? त्याला गाठ की.

काटेवाला_निपाणी
२१ सप्टेंबर, सकाळी ११.०२

गावातलाच पोरगा होता, आता पुण्याला असतो. फोन केला तर म्हणतो सोर्स कोड फ्लॉपीत होता.

नवं_ते_सोनं
२१ सप्टेंबर, दुपारी १२.३०

२०२५ उलटलं तरी डॉस? बारा-पंधरा हजारांत बरा लेझर येतो, वायफाय असतं. एक्सेलमध्ये पावतीचा साचा करा आणि मोकळे व्हा. इंटरफेसची कटकटच संपली.

मलप्रभाकाठ
२१ सप्टेंबर, दुपारी १.१०

लेझरमधून कार्बनची दुसरी प्रत कशी काढणार, ते सांगा. पिन रिबनवर आपटते तेव्हा खालच्या कागदावर उमटतं. लेझर आपटत नाही, टोनर वितळवून चिकटवतो. तीन प्रती हव्या तर तीनदा छापा आणि तीनदा सही घ्या. रात्री दोन वाजता ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना हे करून दाखवा एकदा. शिवाय काट्याच्या केबिनमधली धूळ पाहिलीय का? उसाचं पाचट, रस्त्याची माती. डॉट मॅट्रिक्स फुंकर मारून चालतो.

पिन_अकरा
२१ सप्टेंबर, रात्री ९.२०

काटेवाले, तुमच्या केबलमध्ये दोष दिसत नाही. ती तिचं काम बरोबर करतेय, फक्त तुम्हाला हवं ते काम तिचं नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण उद्यमबागेत नोकरीला असताना हाच घोळ लोकांकडून वारंवार ऐकला आहे.

जुन्या पॅरलल पोर्टात ८ तारांवरून एक बाइट एकदम जातो, पिन २ ते ९. बाइट तारांवर ठेवला की कॉम्प्युटर पिन १ वर एक बारीक झटका देतो, त्याला स्ट्रोब म्हणतात. प्रिंटर तो उचलतो, तोवर पिन ११ वर 'बिझी' धरून ठेवतो, मग पिन १० वरून 'मिळालं' असं कळवतो. कागद संपला तर पिन १२, इतर बिघाड असला तर पिन १५. इतका साधा मामला आहे की मल्टीमीटर घेऊन बसलात तर प्रिंटर ऑफलाइन केल्यावर पिन ११ वर साधारण ५ व्होल्ट चढलेले डोळ्यांनी बघता येतात.

डॉसच्या जमान्यात प्रोग्रॅमला हा पोर्ट गाठायचे दोन रस्ते होते. एक, 'एलपीटी१' या नावाला मजकूर द्यायचा, पुढचं डॉस आणि बायॉस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) बघून घेतील. दोन, थेट ३७८ हेक्स या पत्त्यावर स्वतःच बाइट लिहायचे. पहिला रस्ता म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर ऑर्डर देणं, दुसरा म्हणजे मागच्या दारानं भटारखान्यात घुसून स्वतः वाढून घेणं.

आता तुमची केबल. तिच्या टोकाला चिप असते. ती विंडोजला सांगते की मी एक यूएसबी प्रिंटर आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा, 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' असं दिसेल, आणि प्रिंटरच्या पोर्टमध्ये 'यूएसबी००१'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एलपीटी१ दिसणार नाही. म्हणून विंडोजचे प्रोग्रॅम छापतात आणि एलपीटी१ शोधणारा प्रोग्रॅम रिकाम्या हाती परत येतो. ३७८ वर थेट लिहिणारा असेल तर त्याला या केबलवर कसलीच आशा नाही.

गंमत अशी की इंडिकेटरच्या बाबतीत उलटं आहे. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घेतलात तर तो विंडोजमध्ये रीतसर कॉम पोर्ट, म्हणजे तुमच्या त्या ९ पिनी सीरियल पोर्टासारखाच पोर्ट, उभा करतो. दिसायला दोन्ही केबली भावंडं, पण सीरियलवाली पोर्ट देते आणि पॅरललवाली प्रिंटर देते. तेवढा फरक लक्षात ठेवलात तर अर्धं काम झालं.

तुमच्याकडे वर आणखी एक भानगड आहे. साध्या डॉसबॉक्सला पॅरलल पोर्टच नाही. तो खेळांसाठी लिहिलेला. तिथे 'नॉट रेडी' येणारच. डॉसबॉक्स-एक्स म्हणून वेगळी आवृत्ती मिळते, फुकट आहे, तिच्यात पॅरलल पोर्ट आहे. ती घ्या, मग पुढचं सांगतो.

खडेबाजार
२१ सप्टेंबर, रात्री ९.४५

काका, एवढं कशाला? पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवलं की खरा एलपीटी येतो. मी गिऱ्हाइकांना तेच देतो.

पिन_अकरा
२१ सप्टेंबर, रात्री १०.०५

येतो, आणि डबा मोठा असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण छोट्या डब्यात स्लॉट नसतो. दुसरं, या कार्डाला पत्ता मदरबोर्ड ठरवून देतो, तो ३७८ नसतो, भलताच काहीतरी निघतो. एलपीटी१ नावानं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला चालतं, पत्त्यावर लिहिणाऱ्याला नाही. फॉक्सप्रो नावानं लिहितो, म्हणजे यांच्यापुढे कार्डाचाही रस्ता आहे. फक्त भोक नाही.

पासबुक_ताई
२२ सप्टेंबर, दुपारी ४.३०

आमच्या पतसंस्थेत (खानापूर तालुका) हेच झालं होतं, फक्त पासबुकाचं. प्रोग्रॅम ३२ बिटी विंडोजवर चालायचा, प्रिंटर एप्सनचा पीएलक्यू-२०, पण जोडलेला यूएसबीनं. प्रोग्रॅमला एलपीटी१ च पाहिजे. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी असं केलं: प्रिंटर आधी शेअर केला, शेअरचं नाव छोटं ठेवलं, मधे जागा न सोडता. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज', पुढे 'एलपीटी१', पुढे दोन उलट्या तिरक्या रेघा आणि आपल्याच कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव, आणि शेवटी 'पर्सिस्टंट यस', म्हणजे कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी टिकतं. मग जो कुणी एलपीटी१ ला लिहील त्याचं सगळं त्या यूएसबी प्रिंटरकडे जातं.

एक मात्र आहे. कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडून ही कमांड दिली तर साध्या प्रोग्रॅमला ती जोडणी दिसत नाही. साधाच उघडायचा. आमच्याकडे यावर एक अख्खी सकाळ गेली, लोक पासबुकं घेऊन बाकड्यावर बसलेले.

पिन_अकरा
२२ सप्टेंबर, सायंकाळी ७.५०

ताईंनी नेमका पूल सांगितला. काटेवाले, तुमचा रस्ता आता असा: फॉक्सप्रो → डॉसबॉक्स-एक्समधला पॅरलल पोर्ट → विंडोजचा एलपीटी१ → नेट यूजनं शेअर केलेला प्रिंटर → यूएसबी००१ → तुमची केबल → प्रिंटर. लांबड वाटेल, पण यात प्रत्येक टप्प्यावर बाइट जसाच्या तसा पुढे जातो, मधे कुणी त्याचं चित्र करत नाही. हे महत्त्वाचं आहे.

नोटपॅडमधून छापताना विंडोजचा ड्रायव्हर मधे असतो. अक्षरांचं चित्र करतो, पानाची लांबी स्वतः ठरवतो आणि शेवटी पान बाहेर ढकलतो. तुमची पावती ६ इंची असणार. ड्रायव्हरनं १२ इंची पान धरलं तर प्रत्येक पावतीमागे एक कोरी वाया जाईल. नेट यूजच्या रस्त्यानं गेलेला मजकूर कच्चा जातो, ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. तरीही शेअर करताना 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' हाच ड्रायव्हर निवडा, डोक्याला ताप नको.

विंडोज ११ मध्ये शेअरिंग पूर्वीपेक्षा कडक झालंय. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधलं, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या भागातलं, सुरक्षेचं भोक उघडकीला आलं, प्रिंटनाइटमेअर म्हणतात त्याला, आणि तेव्हापासून एकेक खिळा ठोकत आणलाय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तर बिनपासवर्डाचा पाहुणा घेतच नाही. म्हणून विंडोजच्या युजरला पासवर्ड ठेवा आणि नेटवर्क 'प्रायव्हेट' करा.

नवं_ते_सोनं
२२ सप्टेंबर, रात्री ८.१५

सहा टप्प्यांची साखळी. यातली एक कडी अपडेटमध्ये तुटली की परत रात्री दोन वाजता फोन.

पिन_अकरा
२२ सप्टेंबर, रात्री ८.४०

हे मात्र मान्य. म्हणून हंगामात त्या डब्यावर अपडेट पुढे ढकला, आणि इंटरनेट जोडायची गरज नसेल तर जोडूच नका. मात्र नेटवर्कच नसलं की काही वेळा आपल्याच कॉम्प्युटरचं शेअर आपल्यालाच सापडत नाही. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा लूपबॅक अ‍ॅडॉप्टर टाकायचा, तो खोटंखोटं नेटवर्क कार्ड उभं करतो. पुढच्या वर्षी सवडीनं प्रोग्रॅम नवा लिहून घ्या, तिथं तुमच्याशी वाद नाही.

ज्ञानसंगम_०७
२३ सप्टेंबर, सकाळी ८.५५

सर, मी व्हीटीयूला (बेळगावचं तंत्रविद्यापीठ) शिकतो. एक शंका. प्रिंटरकडचा कनेक्टर ३६ पिनी आणि कॉम्प्युटरकडचा २५ पिनी, असं का? दोन्हीकडे एकच का नाही?

पिन_अकरा
२३ सप्टेंबर, दुपारी २.१०

छान प्रश्न. ३६ पिनी कनेक्टर सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या मॉडेल १०१ प्रिंटरवर आला. ही अमेरिकन कंपनी वँग लॅबोरेटरीजशी नात्यातली. वँगकडे एका कॅल्क्युलेटरसाठी आणलेले हजारो कनेक्टर शिल्लक पडले होते, तेच वापरून टाकले, असं सांगतात. म्हणजे जगभरच्या प्रिंटरांनी चाळीस वर्षं जे वागवलं ते गोदामातलं उरलंसुरलं सामान.

पुढे १९८१ ला आयबीएमनं पीसी काढला. एवढा रुंद कनेक्टर कार्डाच्या मागच्या अरुंद पट्टीवर मावेना, म्हणून त्यांनी २५ पिनी लावला आणि जमिनीच्या तारा एकत्र करून संख्या आटोक्यात आणली, पिन १८ ते २५ सगळ्या ग्राउंड. प्रिंटरवाले ३६ वरच राहिले. केबल दोन तोंडांची झाली ती अशी. या सगळ्याला अधिकृत प्रमाण, आयईईई १२८४, मिळालं ते १९९४ मध्ये. आणि दोन वर्षांत, जानेवारी १९९६ ला, यूएसबीची पहिली आवृत्ती आली. घर बांधून वास्तुशांत झाली आणि रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली.

मलप्रभाकाठ
२३ सप्टेंबर, दुपारी ३.००

आमच्या डीटीपीवाल्यांच्या आठवणी या पोर्टाशी वेगळ्याच जोडलेल्या. मराठी-कन्नड फाँटांची सॉफ्टवेअरं यायची त्यांना डोंगल असायचा, म्हणजे कुलपाचा ठोकळा. तो एलपीटीला लावायचा आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल. दोन सॉफ्टवेअरं असली की ठोकळ्याला ठोकळा, मागे वीतभर शेपूट. प्रिंटर बंद असला तर काही डोंगल ओळखूच यायचे नाहीत, मग नुसतं टाइप करायचं असलं तरी प्रिंटर चालू ठेवायचा. लग्नसराईत भिंतीकडचं टेबल ओढून कुणी ते स्क्रू आवळायचे!

आणि चालू प्रिंटरची पॅरलल केबल काढणं-घालणं, हा गुन्हा. एकाचा पोर्ट माझ्यासमोर गेला. यूएसबीला तसं काही होत नाही, ते का, काका?

पिन_अकरा
२३ सप्टेंबर, रात्री ९.३०

यूएसबीच्या पुरुष कनेक्टरात डोकावून बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या आतल्या दोनांपेक्षा थोड्या लांब असतात. त्या वीज आणि ग्राउंडच्या. घालताना आधी ग्राउंड जुळतं, मग डेटा. काढताना उलट. पॅरललमध्ये सगळ्या पिना एकाच लांबीच्या, वाकडा घातलात तर डेटाची तार ग्राउंडच्या आधी टेकते.

त्यात आपल्याकडे कॉम्प्युटर एका सॉकेटवर, प्रिंटर दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या एक्स्टेंशनवर, आणि अर्थिंग कुठल्याच सॉकेटला धड नसतं. दोघांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो केबलच्या वाटेनं मिटतो. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात वीज कडाडली की काय होतं ते मी सांगायला नको. काटेवाले, तुम्हीसुद्धा इंडिकेटर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या. लोडसेलची (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या भागाची) लाइन हायवेलगत उघड्यावर असते, विजेचा झटका तिथून आत येतो.

झेरॉक्स_चिकोडी
२४ सप्टेंबर, सकाळी ११.२०

मधेच घुसतोय. माझ्याकडं नुसता यूएसबीवाला जुना लेझर हाय. गिऱ्हाईक म्हणतंय मोबाइलवरनं थेट प्रिंट काढा. मी व्हॉट्सअ‍ॅप वेबवर घेऊन काढालोय. प्रिंट सर्व्हरची छोटी डबी लावली तर वायफाय हुईल काय?

पिन_अकरा
२४ सप्टेंबर, दुपारी १.४५

कुठला लेझर आहे त्यावर आहे. एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० या वर्गातला असेल तर सांभाळून. आपल्या भागात निम्म्या दुकानांत हेच दिसतात, दणकट आहेत. पण हे स्वस्त ठेवण्यासाठी पानाची जुळणी कॉम्प्युटरवर करतात, प्रिंटर फक्त तयार ठिपके कागदावर उतरवतो. १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतला प्रोग्रॅम, भरावं लागतं, स्वतःजवळ तो ते ठेवत नाही. अशा प्रिंटरला साधी डबी लावली की डबी बाइट पोचवते, पण पलीकडे ते समजणारं कुणी नसतं.

मोबाइल प्रिंटरशी बोलतो तो आयपीपी या भाषेत, नेटवर्कच्या ६३१ क्रमांकाच्या दारावर. तुमच्या प्रिंटरला ती येत नाही. मधे कुणी दुभाष्या ठेवावा लागेल.

ज्ञानसंगम_०७
२४ सप्टेंबर, दुपारी २.३०

रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, ठेवता येईल. त्यावर लिनक्स, त्यात कप्स हा छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम. १०२० साठी लिनक्सचा मोकळा ड्रायव्हर आहे, तो फर्मवेअरसुद्धा भरतो. मोबाइलला मग वायफायवर प्रिंटर दिसतो. मी हॉस्टेलवर केलंय.

झेरॉक्स_चिकोडी
२४ सप्टेंबर, दुपारी ३.०५

व्हॉट्सअ‍ॅप वेबच बरं म्हणायचं.

खडेबाजार
२४ सप्टेंबर, दुपारी ३.३०

चिकोडीकर, अजून एक. लेझरची केबल दर वेळी त्याच यूएसबी भोकात घालत जा. भोक बदललं की काही प्रिंटरांना विंडोज नवाच समजतं, 'कॉपी १' असं दुसरं चिन्ह उभं करतं आणि पोर्ट यूएसबी००२ होतो. जुनं चिन्ह 'ऑफलाइन' दाखवतं. निम्मे लोक प्रिंटर बिघडला म्हणून माझ्या दुकानात घेऊन येतात. मी पोर्ट बदलतो आणि चहा पाजून परत पाठवतो.

काटेवाला_निपाणी
२६ सप्टेंबर, रात्री १०.४०

अर्धं जमलं! डॉसबॉक्स-एक्स टाकला, ताईंची कमांड दिली. इंडिकेटरसाठी यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर आणला, तो कॉम५ म्हणून आला. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमध्ये आतला कॉम१ बाहेरच्या कॉम५ ला जोडला. वजन स्क्रीनवर आलं.

पावतीचं मात्र विचित्र. पावती दिली की काहीच होत नाही. प्रोग्रॅममधून बाहेर पडलो की सगळ्या गाड्यांच्या पावत्या एकदम धडाधड येतात.

पासबुक_ताई
२७ सप्टेंबर, सकाळी १०.३०

आमच्याकडे पण सुरुवातीला असंच व्हायचं.

पिन_अकरा
२७ सप्टेंबर, सकाळी ११.१५

विंडोजचा स्पूलर 'मजकूर संपला' असं कुणी सांगितल्याशिवाय काम प्रिंटरकडे सोडत नाही. जुन्या पोर्टात संपणं वगैरे काही नव्हतंच, बाइट आला की छापला. फॉक्सप्रो एलपीटी१ उघडून बसतो आणि बाहेर पडेपर्यंत मिटत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टाच्या ओळीत टाइमआउट असतो, मिलिसेकंदात. इतका वेळ नवीन बाइट आला नाही की तो काम मिटवून स्पूलरकडे देतो. दोन-तीन हजार ठेवून बघा. फार कमी ठेवलात तर प्रोग्रॅम मधेच थबकला की एका पावतीचे दोन तुकडे होतील.

आणि अंदाजावर राहू नका. तुमच्या प्रिंटरच्या पुस्तिकेत 'हेक्स डंप' शोधा. एप्सनच्या एलएक्स मालिकेत लाइन फीड आणि लोड ही दोन्ही बटणं दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो येणारा प्रत्येक बाइट आकड्यांत छापतो. मग दिसेल काय येतंय ते: १बी ४० म्हणजे प्रिंटर मूळपदावर आण, ०एफ म्हणजे बारीक अक्षर, १बी ४३ २४ म्हणजे पान ३६ ओळींचं (हेक्समधले २४ म्हणजे आपले ३६). इंचाला ६ ओळी धरल्या तर तुमची ६ इंची पावती झाली. हे आकडे नीट आले तर केबलीपासून प्रोग्रॅमपर्यंतची सगळी साखळी ठीक आहे, आणि उरलेला दोष कागद किंवा सेटिंगचा.

काटेवाला_निपाणी
२९ सप्टेंबर, सकाळी ९.००

छापतोय! टाइमआउट २५०० ठेवला. हेक्स डंपमध्ये १बी ४३ २४ आलं, पावती बरोबर फाडायच्या रेघेवर थांबते. मामा म्हणतात काकांना गूळ पोचवायचा.

आता हाव सुटलीय. पावतीवर गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये यावं असं मामांच्या मनात आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून रोज भांडणं होतात, दोन गावांची नावं सारखीच दिसतात. याच प्रिंटरवर होईल का? पोर्ट हळू पडेल असं भाचा म्हणतोय.

पिन_अकरा
२९ सप्टेंबर, रात्री ८.२०

पोर्टाला दोष देऊ नका. हिशेब करून बघा.

इंग्रजी ओळ पाठवायला ८० बाइट पुरतात, अक्षरांचे आकार प्रिंटरच्या रॉममध्ये असतात. देवनागरी किंवा कन्नड तिथे नसते, म्हणून ओळ ठिपक्यांत पाठवावी लागते. साध्या घनतेला इंचाला ६० ठिपके, ८ इंचांत ४८०, आणि ८ पिनांच्या एका फेरीला तितकेच बाइट. वरची वेलांटी, मधलं अक्षर, खालचा उकार धरून तीन फेऱ्या केल्या तर १४४० बाइट. म्हणजे एका ओळीला इंग्रजीच्या अठरा पट.

सीरियलवर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट या वेगाला) सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे एका ओळीला दीड सेकंद. तिथे खरंच तुंबलं असतं. पॅरलल जुन्यातल्या जुन्या पद्धतीनंही सेकंदाला लाखभर बाइटांच्या वर नेतो, आणि यूएसबी त्याच्याही कैक पट पुढे. इथे अडतं ते प्रिंटरच्या हेडवर, म्हणजे पिना असलेल्या सरकत्या भागावर. एका ओळीसाठी त्याला तीनदा इकडून तिकडे जावं लागतं. केबल सोन्याची लावलीत तरी हेड तेवढाच पळणार.

पूर्वी याच कामाला सीडॅकचं जिस्ट कार्ड यायचं, डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवायचं आणि छापायचं. आता ते कार्ड लावायला स्लॉट नाही. तुमच्या प्रोग्रॅमला लिपीच कळत नाही, तेव्हा हे नव्या प्रोग्रॅमवर सोडा. तोवर गावाला आकडी कोड द्या आणि भिंतीवर मराठी-कन्नड यादी लावा.

मलप्रभाकाठ
२९ सप्टेंबर, रात्री ९.०५

किंवा माझ्याकडून पावत्याच छापून घ्या. गावांची नावं दोन्ही भाषांत आधीच छापलेली, ऑपरेटरनं टिक करायचं. सलग छिद्रपट्टीचा कागद, तीन प्रती, बिनकार्बनी. हंगामाचं काम निघून जाईल.

काटेवाला_निपाणी
२९ सप्टेंबर, रात्री ९.२०

हे आवडलं. व्यक्तिगत निरोपात दर कळवा.

पासबुक_ताई
३० सप्टेंबर, दुपारी १२.१०

पिन_अकरा काका, आता आमचा प्रश्न. दुसऱ्या शाखेला नवा डॉट मॅट्रिक्स घ्यायचाय. एका कोटेशनमध्ये नुसता यूएसबी, दुसऱ्यात एलएक्स-३१०, म्हणजे यूएसबी, पॅरलल आणि सीरियल तिन्ही. दरात फरक आहे. काउंटर खिडकीपाशी आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे भिंत. केबल सात-आठ मीटर पडेल. कुठला घेऊ?

पिन_अकरा
३० सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

ताई, तिन्ही पोर्टांचा घ्या. यूएसबीची केबल ५ मीटरपर्यंतच धरायची, तुमचं अंतर त्यात बसत नाही. साधी पॅरलल ३ मीटरच्या आसपास थकते. आयईईई १२८४ शिक्का असलेली १० मीटर जाते, पण तशी केबल आता दुकानात मिळेल याचा भरवसा धरू नका. सीरियल १५ मीटर आरामात जाते, आणि पासबुकाच्या इंग्रजी ओळींना ९६०० बॉड पुष्कळ झाला. मात्र तुमचा प्रोग्रॅम कॉम पोर्टावर छापू शकतो का ते आधी सॉफ्टवेअरवाल्यांकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर कॉम्प्युटरच खिडकीजवळ आणा आणि आतल्या खोलीत नेटवर्कची केबल न्या, ती १०० मीटर जाते. कोटेशनवर सही त्यानंतर.